पहिल्या वर्षाचं गाव

नीटचा निकाल लागतो, प्रवेशाच्या फेऱ्या होतात, कागदपत्रं तपासून होतात, हॉस्टेलची खोली मिळते. एवढं पार पडलं की वैद्यकीय महाविद्यालयातल्या नव्या मुलामुलींना वाटतं, उद्यापासून शरीररचनाशास्त्र सुरू. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत मात्र त्याआधी पंधरा दिवसांचा एक मुक्काम असतो. सगळी बॅच गांधीजींच्या आश्रमात राहायला जाते. पहाटेची प्रार्थना, योगासनं, खराटे घेऊन परिसराची झाडलोट, सूतकताई, दिवसा व्याख्यानं आणि चर्चा, संध्याकाळी पुन्हा सर्वधर्म प्रार्थना. जेवण साधं आणि शाकाहारी, अंगावर खादी. वर्धा शहरापासून आठेक किलोमीटरवरच्या या आवारात नव्या मुलांची एकमेकांशी पहिली ओळख होते ती नावगाव सांगून कमी आणि अंगण झाडून जास्त.

या आवाराचा इतिहास मुलांना तिथं राहूनच कळत जातो. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी पहिल्यांदा इथं आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं आणि गावाची मालगुजारी जमनालाल बजाजांकडे होती. १९४० मध्ये त्याचं सेवाग्राम झालं. बापू कुटी, आदि निवास, प्रार्थनेचं मैदान हे सगळे पाहतात. पण डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांनी जास्त वेळ थांबावं अशी जागा म्हणजे परचुरे शास्त्रींची कुटी. परचुरे शास्त्री संस्कृतचे पंडित होते आणि त्यांना कुष्ठरोग झाला होता. त्या काळी कुष्ठरोग्याच्या सावलीलाही लोक भीत. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि ते स्वतःच्या हातांनी त्यांना मालिश करत. आजाराला हात लावण्याचा पहिला धडा असा पुस्तकाबाहेर मिळाला, तर तो विसरला जात नाही.

इथं येणारी मुलं कोण असतात, हे लक्षात घेतल्याशिवाय या पंधरा दिवसांचं मोल कळणार नाही. संस्थेच्या पहिल्या बॅचमध्ये ६० विद्यार्थी होते. आता दरवर्षी १०० येतात. निम्मे महाराष्ट्रातले, बाकीचे देशाच्या कानाकोपऱ्यांतले. पूर्वी संस्थेची स्वतःची प्रवेश परीक्षा असे आणि तिच्यात गांधीविचाराची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे. निदान परीक्षेपुरते तरी गांधीजी वाचून मुलं दाराशी यायची. नीट आल्यावर ती वाट बंद झाली. आजचा विद्यार्थी लातूर, नांदेड, नागपूर नाहीतर कोटा इथल्या कोचिंगमध्ये दोन-तीन वर्षं काढून आलेला असतो. तिथं त्याला पक्कं शिकवलेलं असतं की शेजारच्या बाकावरचा मुलगा आपला प्रतिस्पर्धी आहे, त्याचा एक मार्क वाढला की आपली रँक घसरते. नोट्स लपवायची सवय लागलेली असते. आपल्याला न कळलेलं चारचौघांत विचारायची लाज वाटत असते. अशा शंभर मुलांना एका वर्गात बसवलं म्हणून त्यांचा शिकणारा समूह होत नाही. शंभर एकटे एकाच छपराखाली बसतात, इतकंच.

खराट्याला रँक नसते. कुणाच्या वडिलांचं नागपुरात हॉस्पिटल आहे, कुणाची आई परक्या वावरात कापूस वेचायला जाते. सगळ्यांच्या अंगावर एकसारखी खादी आणि पुढ्यात एकच अंगण असलं की हे फरक काही दिवस तरी मागे पडतात. खादीची, शाकाहाराची, व्यसनबंदीची सक्ती असावी का, यावर मतभेद होऊ शकतात. नियमानं माणसं जवळ येतात असंही नाही. तरीही या पंधरवड्याचं एक श्रेय निर्विवाद आहे. पहिल्या वर्षाची मुलं एकमेकांना मार्कांआधी माणूस म्हणून भेटतात. पुढं शरीररचनाशास्त्राच्या तोंडी परीक्षेत दांडी गुल झाली की कुणाच्या खोलीत जाऊन बसायचं, हे तेव्हाच ठरून गेलेलं असतं.

ही कल्पना डॉ. सुशीला नायर यांची. १९१४ मध्ये पंजाबात जन्मलेल्या सुशीलाबेन दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात शिकल्या. त्यांचे भाऊ प्यारेलाल हे गांधीजींचे चिटणीस. त्यांच्यामागोमाग १९३९ च्या सुमारास त्या सेवाग्रामला आल्या आणि आल्या आल्या कॉलऱ्याची साथ उसळली. नुकत्याच डॉक्टर झालेल्या या तरुणीनं ती साथ जवळजवळ एकटीनं हाताळली. १९४२ नंतर आगाखान पॅलेसच्या कैदेत त्या गांधीजी आणि कस्तुरबांसोबत होत्या. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा तिथंच गेल्या. त्यानंतर सुशीलाबेननी सेवाग्रामला दवाखाना सुरू केला आणि त्यातून स्त्रिया आणि मुलांसाठी १५ खाटांचं कस्तुरबा रुग्णालय उभं राहिलं. पुढं अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण आणि १९६२ ते १९६७ या काळात केंद्रात आरोग्यमंत्रिपद. मंत्री असताना त्यांना एक गोष्ट लख्ख दिसत होती. शहरातल्या कॉलेजात शिकलेला डॉक्टर गावात जात नाही, आणि गेलाच तर टिकत नाही, कारण गाव त्याला माहीतच नसतं.

म्हणून १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, त्याच कस्तुरबा रुग्णालयाच्या आधारानं देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सेवाग्रामला सुरू झालं. ३ जानेवारी २००१ रोजी सुशीलाबेन गेल्या. शेवटपर्यंत त्या या संस्थेशीच बांधलेल्या होत्या.

आश्रमातला मुक्काम ही नुसती पायरी. खरी गोष्ट पहिल्या वर्षातल्या दुसऱ्या पंधरवड्याची आहे. तिला संस्थेत सोशल सर्व्हिस कॅम्प म्हणतात. दरवर्षी नव्या बॅचसाठी आसपासचं एक गाव निवडलं जातं आणि सगळी बॅच शिक्षकांसह त्या गावात पंधरा दिवस राहते. प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला गावातली चार-पाच कुटुंबं येतात. ही कुटुंबं पुढची काही वर्षं त्याची. कॅम्प संपला तरी दर महिन्याला त्या घरी जायचं, तब्येतीची विचारपूस करायची, नोंदी ठेवायच्या, गरज पडली तर रुग्णालयापर्यंत सोबत करायची.

यातली मेख अशी की पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला औषध कशाशी खातात हेही नीट ठाऊक नसतं. त्याला शिरा आणि रोहिण्यांची नावं पाठ होत असतात, पण खोकल्याचं औषध लिहिता येत नाही. मग तो घरी जाऊन करतो काय? तो विचारतो आणि ऐकतो. घरात माणसं किती, कोण काय कमावतं, पाणी कुठून येतं, संडास आहे का आणि असला तर वापरतात का, चूल कशावर पेटते, धूर कुठं जातो, लहान मुलांच्या लशी झाल्या का, मागच्या बाळंतपणाला कुठं गेले होते, फवारणीचा पंप घरात कुठं ठेवतात. एकेका प्रश्नामागे अभ्यासक्रमातलं एकेक प्रकरण दडलेलं असतं. पऱ्हाट्या जळणाऱ्या चुलीपाशी दिवसाचे तीन-चार तास बसणाऱ्या बाईचा खोकला, पाळणा हलवणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीची बुडालेली शाळा, सिकलसेलनं थकलेला तरुण. सिकलसेलचा आजार विदर्भात मोठ्या प्रमाणावर आढळतो. पुस्तकात त्याला रक्ताच्या विकारांच्या प्रकरणात काही पानं मिळतात. गावात त्याला एक चेहरा, एक आई आणि मोडलेलं एक लग्न असतं.

भाषेचा अडसर पहिल्या दिवसापासून. केरळ, बिहार, राजस्थान, दिल्ली इथून आलेल्या मुलांना मराठी येत नाही. पुण्या-मुंबईच्या मुलांना मराठी येते, पण 'मले पोटात दुखून रायलं' ऐकून तीही क्षणभर थबकतात. इथं विद्यार्थ्यांना एकमेकांची गरज पडते. आर्वी किंवा हिंगणघाटकडची एखादी मुलगी, जी वर्गात इंग्रजी व्याख्यानांपुढं दबून गेलेली असते, ती गावात अचानक सगळ्यांची पुढारी होते. तिला ठाऊक असतं की ओसरीवर बसल्यावर पाणी नाकारायचं नाही, वेचणीच्या दिवसांत दुपारी कुणी घरी सापडत नाही आणि सुनेला बोलतं करायचं तर सासू घरात नसताना यावं लागतं. शहरातला हुशार मुलगा तिच्याकडून शिकतो. रात्री मुक्कामाच्या शाळेत दिवसभराच्या नोंदी काढून बसल्यावर तोच तिला आकडेवारीचे तक्ते कसे मांडायचे ते दाखवतो. शिकणारा समूह याहून वेगळा काय असतो? प्रत्येकाकडे दुसऱ्याला हवं असलेलं काहीतरी असतं आणि सगळ्यांपुढं असं एक काम असतं जे एकट्यानं होत नाही.

महिन्यानंतरची फेरी हा या सगळ्याचा कणा. पंधरा दिवसांचा उत्साह कुणालाही दाखवता येतो. गावांनी अशी शिबिरं पुष्कळ पाहिली आहेत. प्रभातफेरी निघते, भिंतींवर घोषणा लिहिल्या जातात, समारोपाला नारळ फुटतो आणि मंडळी जातात ती जातातच. तीच मुलगी पुढच्या महिन्यात त्याच दारात परत उभी राहिली, त्याच्या पुढच्या महिन्यातही आली, की घरची माणसं बोलू लागतात. पहिल्या भेटीत 'आमच्या घरी कुणी दारू पीत नाही' असं सांगणारं घर चौथ्या-पाचव्या भेटीत खरं सांगतं. विद्यार्थ्यालाही कळतं की पहिल्या भेटीतल्या सर्वेक्षणावर किती विसंबायचं. संशोधनपद्धतीचा हा धडा तासभराच्या व्याख्यानात शिकवता येत नाही.

शिवाय ही कुटुंबं बोलावतात, रागावतात, हिशेब मागतात. मागच्या महिन्यात सांगितलेली रक्ततपासणी केली की नाही, तिचा रिपोर्ट कुठं आहे, हे आजी विचारते. घरातलं कुणी आजारी पडून कस्तुरबा रुग्णालयात आलं तर 'आपला' विद्यार्थी कुठं आहे याची चौकशी होते. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला कुणी असं हक्कानं विचारणं ही मोठी गोष्ट आहे. पहिल्या वर्षी हॉस्टेलच्या खोलीत घरच्या आठवणीनं कोंडून घेणाऱ्या कित्येकांना बाहेर काढणारं बळ यात असतं. आपण कॉलेजात आलो नसतो तर कुणाचं काही अडलं असतं का, या प्रश्नाला इथं होकारार्थी उत्तर मिळतं.

गावानं संस्थेलाही शिकवलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला संस्थेतले डॉ. उल्हास जाजू आणि त्यांचे सहकारी सायकली मारत जवळच्या खेड्यांत जाऊ लागले. गावकऱ्यांशी बोलताना स्पष्ट झालं की लोकांना फुकट उपचारांपेक्षा हक्काचे उपचार हवे आहेत. त्यातून ज्वारीवरची आरोग्य विमा योजना आकाराला आली. सोंगणीनंतर प्रत्येक कुटुंबानं ऐपतीनुसार ज्वारी द्यायची. ज्याची जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त. गावातली किमान ७५ टक्के घरं सामील झाली तरच ते गाव योजनेत. बदल्यात गावातच आरोग्यसेवक आणि रुग्णालयात मोफत किंवा सवलतीत उपचार. हा ७५ टक्क्यांचा नियम फार शहाणपणाचा होता. फक्त आजारी माणसांनीच पैसे भरले तर कुठलाही विमा बुडतो. निरोगी घरांनीही हिस्सा द्यायचा तर आधी गावाला एकत्र बसून बोलावं लागतं. विमाशास्त्रातलं हे तत्त्व सेवाग्रामच्या विद्यार्थ्यांनी ग्रामसभेत पाहिलं.

वर्धा जिल्ह्याच्या मातीत ही गोष्ट रुजली याला जुनं कारण आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्षस्थानी होते. हाताच्या कामातून शिक्षण हा विचार तिथं मांडला गेला, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनं त्याचा आराखडा केला आणि तो पुढं नई तालीम म्हणून ओळखला गेला. सेवाग्रामला हिंदुस्तानी तालीमी संघाचं काम ई. डब्ल्यू. आर्यनायकम आणि आशादेवी या दांपत्यानं उभं केलं. आर्यनायकम मूळचे सिलोनचे, दोघंही शांतिनिकेतनातून आलेले. त्यांच्या शाळेत स्वयंपाकघर, शेती, सफाई, विणकाम ही सगळी कामं मुलांच्या गटांकडे असत आणि त्या कामांतूनच गणित-विज्ञान पुढं सरकत असे. गडचिरोलीतल्या कामासाठी जगभर ओळखले जाणारे डॉ. अभय बंग याच शाळेचे विद्यार्थी. गोठ्यातल्या गाईंसाठी पाण्याचं टाकं केवढं बांधायचं, हे काढताना आपण घनफळ कसं शिकलो, ते त्यांनी सांगितलेलं आहे. मोठेपणी त्यांनी आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ पासून तरुणांसाठी चालवलेला 'निर्माण' हा उपक्रम त्याच वळणाचा आहे. समाजाचे प्रश्न घेऊन तरुण एकत्र येतात, परस्परांकडून शिकतात आणि परत आपापल्या कामाला लागतात. आश्रमाच्या आवारात २००५ पासून आनंद निकेतन ही मराठी शाळा नई तालीमची परंपरा पुन्हा चालवते आहे. वैद्यकीय संस्थेचे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी खराटा उचलतात तेव्हा ते नकळत या जुन्या धाग्याला हात लावतात.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला समूहात कसं सामावून घ्यायचं, हा प्रश्न जगभरच्या विद्यापीठांना पडलेला आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात अलेक्झांडर माइकलजॉन यांनी १९२७ मध्ये एक प्रायोगिक कॉलेज सुरू केलं. विद्यार्थी आणि शिक्षक एकाच वसतिगृहाच्या इमारतीत. वेगवेगळे विषय नाहीत. पहिलं वर्षभर सगळ्यांनी प्राचीन अथेन्सचा अभ्यास करायचा, दुसऱ्या वर्षी अमेरिकेचा. मधल्या उन्हाळ्याच्या सुटीत प्रत्येकानं आपापल्या मुलखाचा अभ्यास करून यायचं. सगळे एकच वाचतात म्हणून जेवणाच्या टेबलावरही तीच चर्चा. हे कॉलेज १९३२ मध्ये बंद पडलं. विद्यार्थिसंख्या घटली होती, मंदी होती आणि राज्यातल्या लोकांचा या वेगळ्या कॉलेजावर रोष होता. तरी आजच्या शिकणाऱ्या समूहांच्या सगळ्या कार्यक्रमांचं मूळ तिथंच शोधलं जातं.

त्याहून मोलाची गोष्ट बर्कलीची आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात कृष्णवर्णीय विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये मोठ्या संख्येनं नापास होत. प्राध्यापकांना कारणं विचारली तर ती तयारच होती. घरी पाठबळ नाही, शाळेचा पाया कच्चा, इच्छाच नाही. युरी ट्रीझमन या तरुण गणितज्ञानं ही कारणं मान्य करण्याआधी विद्यार्थ्यांच्या मागे मागे फिरून पाहिलं. वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी-अमेरिकन विद्यार्थी. पहिल्या गटातली मुलं भरपूर अभ्यास करत होती, पण खोलीचं दार लावून, एकटी. शाळेत असंच एकट्यानं झगडून ती पुढं आलेली होती. चिनी-अमेरिकन मुलं आधी एकट्यानं गणितं सोडवत, मग एकत्र जमत, एकमेकांची उत्तरं तपासत. एखादं गणित कुणालाच सुटलं नाही तर त्यांना कळे की गणितच अवघड आहे. एकट्या मुलाला मात्र वाटे की आपणच मठ्ठ. ट्रीझमननी यावर ज्यादा शिकवण्या लावल्या नाहीत. उलट नेहमीपेक्षा अवघड गणितं देऊन मुलांना गटात बसवलं, आणि निकाल बदलले. आपल्याकडे मागे पडलेल्या मुलांसाठी 'रिमीडियल' तास ठेवतात आणि त्या तासाला बसणं हाच एक डाग होऊन बसतो. इथल्या प्राध्यापकांनी बर्कलीचं हे उदाहरण मुळातून वाचायला हवं.

व्हिन्सेंट टिंटो या समाजशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकापासून याच प्रश्नाचा पिच्छा पुरवला. विद्यार्थी कॉलेज का सोडतात? सोडणाऱ्यांत पहिल्या वर्षाचे सर्वांत जास्त. नापास होणं हे एक कारण, पण अभ्यासात आणि माणसांत, दोन्हीकडे मुळं न धरणं हे मोठं कारण. एकाच बाजूनं भागत नाही. अभ्यासात बरा पण मित्र नसलेला मुलगा गळतो, आणि मित्रांत रमलेला पण वर्गात परका असलेलाही.

नव्यांना समूहात घेण्याची एक वाईट रीतही आपल्या कॉलेजांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. रॅगिंगला 'ओळख परेड' म्हणत आणि त्यातूनच सीनियर-ज्युनियरचं नातं घट्ट होतं असं समर्थन करत. महाराष्ट्रानं १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला, विद्यापीठ अनुदान आयोगानं २००९ मध्ये कडक नियम आणले. हे आवश्यकच होतं. पण भीतीनं जमवलेला गट मोडला की त्या जागी काय उभं करायचं, याचं उत्तर कायद्यात नसतं. ते आयोगानं २०१९ मध्ये 'दीक्षारंभ' या नावानं सुचवलेल्या स्वागत कार्यक्रमातून शोधायला सुरुवात केली. बऱ्याच ठिकाणी मात्र दीक्षारंभ म्हणजे सभागृहातली भाषणं आणि ग्रंथालयाची फेरी.

वैद्यकीय शिक्षणानं यापुढं मजल मारली आहे. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात एमबीबीएसच्या सुरुवातीला महिनाभराचा फाउंडेशन कोर्स आला. त्यात स्थानिक भाषा शिकणं आहे, समाजाची ओळख आहे. २०२२ मध्ये राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगानं कुटुंब दत्तक कार्यक्रम आणला. देशातल्या प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्यानं पहिल्या वर्षापासून गावातली काही कुटुंबं दत्तक घ्यायची आणि त्यांच्याकडे जात राहायचं. सेवाग्रामनं अर्धशतकाहून अधिक काळ जे केलं, त्याच्याशी याचं साम्य उघड आहे. आनंदाची गोष्ट आहे, पण काळजीचीही. कागदावरचा कार्यक्रम दुसरीकडे नेता येतो. त्यामागची व्यवस्था उचलून नेता येत नाही. महिन्याला गावात जायची बस, सोबत येणारे आणि गावाला नावानिशी ओळखणारे शिक्षक, वेळापत्रकात राखलेला दिवस आणि घरी सापडलेला आजार उपचारापर्यंत नेणारं, खेडुताला परवडणारं रुग्णालय. यातलं एक जरी नसलं तरी विद्यार्थी एका दुपारी दहा घरांच्या वह्या भरून मोकळा होतो. सेवाग्रामला अखेरच्या वर्षात विद्यार्थी पुन्हा पंधरा दिवस आंजीच्या ग्रामीण आरोग्य केंद्रात राहायला जातात. तोवर त्यांना निदान करता येत असतं. पहिल्या वर्षीचं ऐकणं तिथं उपयोगी पडतं.

आता प्रश्न उरतो इतरांचा. वर्धा जिल्ह्यातले बहुसंख्य विद्यार्थी डॉक्टर होणार नाहीत. ते बीए, बीकॉम, बीएस्सी करतात. वर्ध्याची, हिंगणघाटची, आर्वीची, पुलगावची कॉलेजं गजबजलेली असतात ती अप-डाऊन करणाऱ्या मुलामुलींनी. एसटीचा पास, सकाळची गाडी, दुपारची गाडी. शेवटचा तास संपायच्या आत निम्मा वर्ग बसस्टँडच्या वाटेला लागतो, कारण ती गाडी चुकली तर पुढची संध्याकाळी. मुलींच्या बाबतीत घरचे वाट पाहत असतात. हॉस्टेल नाही, कट्टा नाही, प्राध्यापकांशी वर्गाबाहेर बोलणं नाही. टिंटो ज्याला मुळं धरणं म्हणतो त्याला इथं जमीनच सापडत नाही. राहण्याच्या सोयीवर उभे असलेले सगळे परदेशी नमुने या मुलांपुढं कुचकामी ठरतात.

तरी त्यांच्यासाठी एक यंत्रणा आहे, आणि ती सेवाग्रामच्या कॉलेजाइतकीच जुनी आहे. राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे मुलांच्या तोंडचं एनएसएस, २४ सप्टेंबर १९६९ रोजी त्याच गांधी शताब्दी वर्षात ३७ विद्यापीठांतल्या ४० हजार विद्यार्थ्यांसह सुरू झाली. आज पुष्कळ कॉलेजांत तिचं पथक आहे. वर्षाला १२० तासांचं काम आणि दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर. शिबिराला जाऊन आलेल्या कुणालाही विचारावं, कॉलेजातले खरे मित्र कुठं मिळाले? उत्तर बहुधा शिबिराचंच येतं. चुलीवर दोनशे पोळ्या लाटताना, शोषखड्डा खणताना, रात्री पथनाट्य बसवताना बीकॉमचा मुलगा आणि बीएस्सीची मुलगी पहिल्यांदा एकमेकांशी बोलतात. उणीव एवढीच की आठव्या दिवशी ट्रक सामान घेऊन निघतो आणि पुढच्या वर्षी बहुधा गावही बदलतं.

इथं सेवाग्रामकडून घेण्यासारखं एक आहे. प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला ठरावीक घरं, आणि महिन्याला एक फेरी. अर्थशास्त्राच्या मुलांनी त्या घरांचं पीककर्ज आणि कापसाचा हिशेब समजून घ्यावा, रसायनशास्त्राच्या मुलांनी विहिरींचं पाणी तपासावं, मराठीच्या मुलांनी म्हाताऱ्यांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्याव्यात. अप-डाऊन करणाऱ्यांना तर दुसरं गाव शोधायचीही गरज नाही. देवळीच्या किंवा समुद्रपूरच्या गाडीनं रोज एकत्र येणारी चार-पाच मुलं हा तयार गट आहे आणि ती जिथं राहतात तेच त्यांचं गाव. वर्षाचे १२० तास म्हणजे महिन्याचे दहा. त्यात एक शनिवार सहज बसतो, आणि तो ठरवायला प्राध्यापक आणि विद्यार्थी पुरेसे आहेत.